दोन भुलाबाया

माझ्या मुलीच्या पोटात कुठलीच गोष्ट राहत नसे. भुलाबाईच्या दिवसांत तर हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. अमरावतीत आमच्या गल्लीत भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी एकेका घरी पोरी जमायच्या. पाटावर मातीची भुलाबाई, तिच्या शेजारी फेटा बांधलेला तिचा नवरा भुलोजी. गाणी झाली की त्या घरचा खाऊ ओळखायचा. घरची पोर बंद डबा एकेकीच्या कानाशी वाजवत फिरणार, आणि ज्या घरचा खाऊ कोणालाच ओळखता आला नाही, त्या घरची शान. बाकीच्या पोरी डब्यात फडकं कोंबायच्या, म्हणजे आवाज येत नाही. माझी पोर फडकंही कोंबायची आणि तासाभरात सगळं सांगूनही टाकायची.

सांगायची फक्त एकीला, घरातल्या मावशीला. ती ड्युटीवरून आली, चप्पल काढायला वाकली, की ही धावत जाऊन तिच्या कानाला लागायची. मग ती पोरींच्या घोळक्यात बसून मुद्दाम दोनदा चुकायची आणि तिसऱ्यांदा बरोबर सांगायची. पोरी ओरडायच्या की मावशी लबाड आहे. ती लबाड होतीच. त्या हसण्यासाठीच मी शाळेतून घाईनं घरी यायची, हेही इथंच सांगून टाकते.

ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती वर्षं तिच्या वॉर्डासाठी वाईट होती. फवारणीचं औषध पिऊन आलेली माणसं गावागावांतून तिच्यापुढं आणून टाकली जात. काही वाचत, बरीच वाचत नसत. घरी आल्यावर ती आधी हात धुवायची, साबण संपेस्तोवर धुवायची, आणि मगच माझ्या मुलीला हात लावायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. माझ्या नवऱ्याचं अकोल्याला बी-बियाणं आणि औषधांचं दुकान. म्हणजे त्याच्या फळीवरच्या बाटल्या तिच्या वॉर्डात यायच्या असं मी एकदा रागात म्हणाले होते. तिला ते आवडलं नाही. दुकानदार काही कोणाच्या तोंडात ओतत नाही, असं म्हणाली. तिचा स्वभाव न्यायाचा होता. माझा नाही.

मुलगी चार वर्षांची असताना मी अकोला सोडलं. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. माझ्या अंगाला त्याची सवय होईना, एवढंच, आणि हे मी कोणाला सांगणार होते? अमरावतीला बदली मागून घेतली, दोन खोल्या घेतल्या. सहा महिन्यांनी ती दुसऱ्या खोलीत भाड्यानं आली आणि वर्षभरात ती खोली फक्त कपडे वाळत घालायला उरली. आमचं जे होतं त्याला आम्ही नाव दिलं नव्हतं. त्याची गरज पडली नाही. नाव लागतं ते कोर्टाला.

हे सगळं सुरू झालं त्या वर्षी मुलगी सात वर्षांची होती. ती आणि मावशी बाजारातून भुलाबाईची जोडी आणायला गेल्या आणि येताना लुनाला टांगलेल्या पिशवीत भुलोजीची मान मोडली. मुलगी रडत परत बाजाराकडं निघाली. मूर्ती विकणारी बाई जोडीच विकायची, सुटा भुलोजी देईना. पण कोणाचा तरी भुलोजी फुटून एकटी उरलेली एक भुलाबाई तिच्याजवळ होती, ती तिनं अशीच देऊन टाकली. दोघी हसत घरी आल्या. पाटावर हिरव्या लुगड्याची एक आणि जांभळ्या लुगड्याची एक, अशा दोन भुलाबाया बसल्या. मुलगी म्हणाली, “असंही आपल्या घरी दोघीच आहे नं.”

मोडलेली मान कणकेनं चिकटवता आली असती. दुसऱ्या दिवशी नवी जोडी आणता आली असती. शेजारच्या बाया बघून हसल्या, त्यांतली एक म्हणाली की हे काही बरं दिसत नाही बाई, वर्षाचा सण आहे. मी मास्तरीण, सगळ्यांना शहाणपण शिकवणारी. पण मला त्या दोघी पाटावर शेजारी बसलेल्या आवडल्या. फार आवडल्या. म्हणून ठेवल्या. माझी चूक म्हणायची तर तेवढीच.

चार दिवसांनी मुलीची आत्या अकोल्याहून भाचीसाठी फ्रॉक घेऊन आली. ती मनानं वाईट नव्हती, अजूनही मी तिला वाईट म्हणणार नाही. नवा फ्रॉक घालून पोरीला पाटाशी उभं केलं आणि रोलचा कॅमेरा काढून फोटो घेतला. जेवली, मावशीच्या हातच्या वांग्याच्या भाजीचं कौतुक केलं, आणि पाचच्या गाडीनं गेली.

दिवाळीनंतर नोटीस आली. नवऱ्यानं मुलीचा ताबा मागितला होता. आई ज्या बाईसोबत राहते तिच्याशी तिचे अनैसर्गिक संबंध आहेत, त्या वातावरणात मुलीच्या मनावर वाईट परिणाम होतो, असं लिहिलं होतं. मी ते उभ्यानं वाचलं. माझी पोर माझ्याजवळून जाईल. त्यानंतर दीड वर्ष माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

अकोल्याला एक वकीलबाई होत्या, साठीच्या, चष्मा गळ्यात लोंबता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, हे खरं आहे का. मी हो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी ते एखाद्या माणसासमोर कबूल केलं, आणि तेही एका धुळकट ऑफिसात, बाहेर झेरॉक्सचं मशीन घरघरत असताना. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, पाच वर्षांपर्यंत मूल आईजवळ, त्याच्यापुढं कायद्यानं बाप पालक. आईजवळ राहू द्यायचं तर पोरीचं भलं तिथंच आहे हे कोर्टाला पटलं पाहिजे. अनैसर्गिक संबंधांचं जे कलम आहे त्यात बायकांबद्दल नीट काही लिहिलेलं नाही, पण संशय घ्यायला कोर्टाला कलम लागत नाही.

पुढच्या तारखेला त्यांनी मला काही कागद दाखवले. त्यांचा भाचा बाहेरदेशी कायदा शिकत होता, त्यानं पाठवलेले. तिकडं एका बापाची मुलगी, तो पुरुषाबरोबर राहतो म्हणून खालच्या कोर्टानं काढून घेतली होती. वरच्या, तिकडच्या सगळ्या देशांच्या मिळून असलेल्या कोर्टानं सांगितलं की हा भेदभाव आहे. दुसरा कागद मुलांच्या हक्कांच्या कराराचा. आईबाप कोण आहेत, कसे आहेत, यावरून मुलाला शिक्षा होता कामा नये, असं त्यात होतं, आणि आपल्या देशाची त्यावर सही होती. वकीलबाई एकेक ओळ बोट ठेवून मराठीत सांगत होत्या. मला रडू आलं. जगात कुठंतरी खुर्चीत बसलेल्या माणसांनी माझ्यासारख्यांचा विचार केला होता आणि कागदावर लिहून ठेवला होता.

“मग हे द्या नं कोर्टात,” मी म्हटलं.

त्यांनी कागद दुमडले. “हे दिलं म्हणजे आपणच कबूल केलं, बाई. अन् आपण कबूल केलं की पोरगी गेली. हे कागद त्याच्यासाठी आहे ज्याले खरं बोलता येते.”

कागद फायलीच्या सगळ्यात मागं गेले. पुढं पुष्कळ वर्षांनी मोठ्या कोर्टानं त्या कलमाचा दात काढला तेव्हा मी पेपर आणून दोनदा वाचला. पण तेव्हा, त्या दुपारी, आमच्या बाजूचा कायदा आमच्याच फायलीत तोंड बंद करून पडला होता.

मग खोटं उभं करायचं ठरलं. कोर्टाचा माणूस घर बघायला येऊ शकतो, म्हणून वकीलबाईंनी दोन संसार मांडायला सांगितले. दुसरा स्टोव्ह आणला. दुसरी खाट, दुसरा माठ. मधल्या दाराला तिच्या बाजूनं कडी. ती तिकडं एकटीपुरती खिचडी टाकायची आणि इकडं आम्ही दोघी पोळ्या खायचो, आणि भिंतीपलीकडून तिच्या भांड्याचा आवाज यायचा. सुरुवातीला आम्ही हसत होतो. महिन्याभरात हसणं थांबलं. एकदा मुलगी ताट घेऊन ते दार वाजवायला लागली तर मी तिच्या हातातून ताट ओढलं. भाजी सांडली. तिला का मारलं ते मला तेव्हाही कळलं नव्हतं, पण मारलं.

घरमालकीण खाला पुढच्या खोलीत बुरख्यांवर जरीकाम करायची. तिला साक्षीसाठी विचारायला गेले तेव्हा तिनं सुईवरून नजर उचलली नाही. “मले दोन बाया दिसते अन् एक पोरगी दिसते,” ती म्हणाली. “कोर्टात तेवढंच सांगीन. पन बेटा, ते दुसरा स्टो काहून आनला? आतापर्यंत कोनी काही बोलत नव्हतं. आता सारी गल्ली पाहून राहिली.”

ते खरं होतं. लपवायला लागल्यापासूनच आम्ही दिसायला लागलो होतो.

माझी उलटतपासणी उन्हाळ्यात झाली. समोरचा वकील म्हातारा, गोड बोलणारा. त्यानं माझी शाळा विचारली, पगार विचारला, घरात खोल्या किती ते विचारलं. मग एक फोटो हातात दिला. माझी मुलगी, नवा फ्रॉक, मागं पाटावर हिरवी आणि जांभळी. तो म्हणाला, “बाई, आपण वऱ्हाडातल्या. सांगा कोर्टाला, ह्या दोघींत भुलोजी कोणता?”

मागच्या बाकांवर लोक हसले. मी फोटो परत केला. म्हणाले, भुलोजी फुटला होता. तो म्हणाला, मग दुसरा का नाही आणला? मी म्हणाले, बाजार संपला होता. शपथेवरचं माझं पहिलं खोटं. त्याच्यानंतर सोपं गेलं. ती भाडेकरू आहे. तिचा आणि माझ्या मुलीचा काही संबंध नाही. पुढच्या तारखेला तीही पिंजऱ्यात उभी राहिली आणि हेच म्हणाली, वॉर्डात बोलते तशा सरळ आवाजात. परत येताना बडनेऱ्यापर्यंत आम्ही वेगवेगळ्या डब्यांत बसलो. तेवढी अक्कल आता आम्हाला आली होती.

शेवटी वकीलबाईंचा निरोप आला की जज्जसाहेब मुलीला आत बोलावून एकटीशी बोलणार आहेत. आई नाही, बाप नाही, वकील नाही. साहेब चांगले आहेत, चॉकलेट देतात, पोरं त्यांच्याशी मोकळं बोलतात. माझी पोर आणि मोकळं बोलणार. ती सगळंच सांगेल. पावसाळ्यात कडाडलं की ती आम्हा दोघींच्या मधे येऊन झोपायची, हे सुद्धा सांगेल.

आठवडाभर काय शिकवू, कसं शिकवू, सुचेना. तिला म्हटलं खोटं बोल, तर ती विचारणार का. आणि काय सांगू? मग एका सकाळी वेणी घालताना सुचलं. म्हटलं, भुलाबाईचा डबा कसा वाजवतो आपण? साहेब आहेत ना, ते आपला डबा वाजवून पाहणार आहेत. गोड गोड बोलतील. त्यांना आपला खाऊ ओळखू द्यायचा नाही. फडकं कोंबायचं. ती आरशात माझ्याकडं बघत होती. “खाऊ म्हंजे मावशी?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं. “अन् ओळखला तं?” ओळखला तर बाबा तुला अकोल्याला घेऊन जातील, मी म्हटलं. तिनं रिबन माझ्या हातात दिली, मी ती वेणीला बांधली.

त्या दिवशी अकोल्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसायला जागा नव्हती. खेड्यांतल्या बाया मांडीवर कागदांच्या पिशव्या घेऊन भिंतीला टेकून होत्या, कोणाच्या वारसाचं, कोणाच्या जमिनीचं. माझा नवरा खांबाशी उभा होता. वजन उतरलं होतं त्याचं. पोरीला जवळ घेतलं, तिच्या हातावर गोळी ठेवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “मी तुह्याशी भांडून नाही राहिलो. पण उद्या हिले पाहाले पाहुणे येईन, त्यायनं इचारलं तं मी काय सांगू?” आठ वर्षांच्या पोरीचे पाहुणे. मला संताप आला आणि त्याची कीवही आली. तो खरोखरच घाबरलेला होता.

शिपायानं नाव पुकारलं. मुलगी एकटी आत गेली. दाराला हिरवा पडदा होता. मी त्या पडद्याकडं बघत होते. आतून पंख्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. वकीलबाई म्हणाल्या पाणी प्या. मी प्यायले नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चॉकलेट होतं, फोडलेलं नव्हतं. मी विचारलं काय विचारलं साहेबांनी. ती म्हणाली, “शाळेचं.” आणखी? “असंच.” गाडीत मूर्तिजापूरपर्यंत मी खोदून खोदून विचारलं. ती खिडकीबाहेरचं कपाशीचं रान बघत राहिली. ज्या पोरीच्या पोटात गोष्ट राहत नव्हती, तिनं मला एक शब्द सांगितला नाही.

निकाल उन्हाळ्याच्या सुट्टीआधी लागला. हुकूम इंग्रजीत होता, वकीलबाई वाचून सांगत होत्या. मुलगी आईजवळच राहील. बापाला पंधरा दिवसांनी भेट. मला पुढचं ऐकू येईना, त्यांनी टेबलावर हात आपटून ऐकायला लावलं. मुलगी चुणचुणीत आहे, तिनं स्वतः सांगितलं की सदर बाई भाडेकरू आहे. ती आवडते का असं विचारल्यावर मुलीनं नाही म्हणून उत्तर दिलं. ती घरातून गेली तर चालेल का असं विचारल्यावर चालेल म्हणाली. तरी, संशयाला जागा राहू नये म्हणून, सदर बाईनं त्या घरात राहू नये. राहिल्यास बापाला पुन्हा अर्ज करता येईल.

भाडेकरू म्हणायला मी शिकवलं होतं. “नाही” मी शिकवलं नव्हतं. “चालेल” तर माझ्या स्वप्नातही नव्हतं. ते पोरीनं स्वतःच्या डोक्यानं केलं होतं. पक्कं फडकं कोंबलं होतं तिनं.

घरी आल्यावर मावशीनं हुकूम मागितला. नर्सपुरतं इंग्रजी तिला येत होतं. ती ओळ तिनं दोनदा वाचली, कागद परत दिला. “हुशार आहे पोरगी,” ती म्हणाली. “नाही तं गेलीच होती आपल्या हातची.” मग आत जाऊन हात धुवायला लागली. बराच वेळ धूत होती. त्या दिवशी तिची ड्युटी नव्हती.

तिनं धामणगावला बदली घेतली. स्टोव्ह तिचाच होता, तो नेला. जांभळी भुलाबाई नेऊ का म्हणाली, पण ती तर आम्ही कोजागिरीनंतर केव्हाच पाण्यात शिरवली होती. मी शाळेत गेले असताना ती गेली. मुलगी शाळेतून आली, मधलं दार उघडं दिसलं, रिकामी खोली बघितली. काही विचारलं नाही तिनं. मी वाट पाहत होते की ती रडेल आणि मग मलाही रडता येईल.

त्या वर्षीच्या भुलाबाईची जोडी तिनं स्वतः निवडून आणली. पिशवीत नाही, छातीशी धरून. भुलोजीची मान दोनदा हलवून बघितली. पाटावर दोघांना नीट बसवलं, मागं सरून पाहिलं आणि म्हणाली, “आता कोणालेही फोटो काढू दे.” ती नऊ वर्षांची होती.

आमच्या घरी पोरी बसायच्या होत्या त्या दिवशी मावशी धामणगावहून आली. मीच चिठ्ठी पाठवून बोलावलं होतं. संध्याकाळच्या दोन तासांना कोर्टाची काय हरकत असणार. दारात चप्पल काढायला ती वाकली आणि वाकलेलीच थांबली, सवयीनं, कान या बाजूला करून. अंगणात शेजारच्या बाया होत्या. खाला खुर्चीत होती. मुलगी डबा घेऊन उंबऱ्यात उभी होती.

“सांग नं,” मावशी हळूच म्हणाली. “काय आहे खाऊ?”

मुलीनं आधी बायांकडं पाहिलं. मग डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

“सांगत नसते,” ती म्हणाली, आणि घोळक्यात जाऊन बसली.

गाणी झाली. तिनं डबा सगळ्यांच्या कानाशी नेला, मावशीच्याही, सगळ्यांच्या इतकाच वेळ. आवाज अजिबात येत नव्हता. आमच्या घरचा खाऊ त्या वर्षी पहिल्यांदा कोणालाच ओळखता आला नाही, आणि बायांनी पोरीचं कौतुक केलं. गूळ-शेंगदाण्याचे लाडू होते, मावशीला आवडतात तसे, थोडे कडक. पोरीनंच ते करायला लावले होते. मावशीनं एक खाल्ला, एक रुमालात बांधला, आणि सातच्या गाडीला उशीर होईल म्हणून उठली.